युद्धातील मालवाहू विमाने : प्रभाव मोजायचा तो कशावर?

वातकुक्कुट (धागाकर्ता)

लढाऊ आणि बाँबफेकी विमानांची तुलना करणारे लेखन उदंड आहे. मालवाहू विमानांच्या वाट्याला मात्र बहुधा एक तक्ता येतो: किती टन वाहते, किती किलोमीटर उडते, किती लांबीची धावपट्टी लागते. या तक्त्यात सी-१७ ग्लोबमास्टर ७७ टनांचा भार घेऊन वरच्या ओळीत बसते आणि डकोटा, म्हणजेच सी-४७, जेमतेम पावणेतीन टनांसह तळाशी जाते. युद्धावर झालेला परिणाम जोखायचा असेल तर हा तक्ता दिशाभूल करतो, असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझा निकष साधा आहे. ज्या मोहिमेत एखादे विमान वापरले गेले, तिच्यातून ते वजा केले तर काय उरते, हे पाहावे. दुसरा मार्ग उपलब्ध होता आणि तो वेळेत पुरला असता असे दिसत असेल, तर त्या विमानाने कितीही टन वाहिले तरी त्याचा प्रभाव मी कमी मानेन. दुसरा मार्गच नव्हता असे दिसले, तर एका दिवसात उतरलेले तीनशे-चारशे सैनिकही माझ्या लेखी मोठे ठरतील.

२७ ऑक्टोबर १९४७ ची सकाळ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. पाकिस्तानातून काश्मीरवर चालून आलेले सशस्त्र टोळीवाले बारामुल्ल्यापर्यंत आले होते, तेथून श्रीनगर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. झेलमच्या खोऱ्यातला रस्ता त्यांच्या ताब्यात होता आणि पठाणकोटहून जम्मू-बनिहालमार्गे जाणारा रस्ता इतका लांबचा व खडतर, की त्यावरून बटालियन पोहोचेपर्यंत शहर हातचे गेले असते. दिल्लीहून निघालेल्या डकोटांतून पहिल्या शीख बटालियनचे जवान लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांच्या नेतृत्वाखाली उतरले. उतरण्यापूर्वी घिरट्या घालून विमानतळ आपल्याच हाती आहे ना याची खात्री करून घ्या, अशी सूचना त्यांना होती. वेळ किती थोडा उरला होता हे यावरून कळते. शिवाय त्या डकोटांपैकी अनेक विमाने खासगी विमान कंपन्यांकडून घेतलेली होती. खास लष्करी बांधणीचे अवजड विमान असते तर ते अशा रीतीने रातोरात जमवता आले नसते.

म्हणून माझा क्रम असा: डकोटा पहिले, सी-१३० हर्क्युलिस दुसरे, जर्मन युंकर्स-५२ तिसरे, आणि स्टारलिफ्टर, गॅलक्सी, ग्लोबमास्टर ही मोठी जेट विमाने त्यांच्यामागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आयझेनहॉवर यांनी विजयाला सर्वाधिक हातभार लावणाऱ्या साधनांत बुलडोझर, जीप, अडीच टनी ट्रक आणि सी-४७ यांची गणना केली होती. यांतले एकही साधन लढण्यासाठी बनवलेले नव्हते, ही नोंदही त्यांनीच केली होती.

रसदप्रमुख

निकष चांगला आहे, पण तो लावताना आपण विमानाला जे श्रेय देत आहात ते परिस्थितीचे आहे. आपल्याच यादीतले तिसरे विमान घेऊन हे दाखवतो, कारण एकाच विमानाने तीन वेळा तेच काम केले आणि तिन्ही वेळा निकाल निराळा लागला.

१९३६ च्या उन्हाळ्यात, स्पेनच्या यादवी युद्धाच्या आरंभी, बंडखोर सेनापती फ्रँकोचे सैन्य मोरोक्कोत अडकून पडले होते, कारण स्पेनचे बहुतांश आरमार प्रजासत्ताकाच्या बाजूने राहिले होते आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडणे धोक्याचे होते. सुमारे वीस युंकर्स-५२ विमानांनी तेतुआनहून सेव्हियाकडे फेऱ्या मारून ऑक्टोबरपर्यंत सुमारे १३,००० सैनिक पलीकडे पोहोचवले. आपल्या निकषावर हे श्रीनगरइतकेच, कदाचित त्याहूनही मोठे ठरते, कारण त्या सैन्याशिवाय बंड दक्षिणेतच विरले असते. १९४२ च्या फेब्रुवारीत रशियातील देम्यान्स्क येथे जवळजवळ एक लाख जर्मन सैनिक वेढले गेले. त्यांना दररोज लागणाऱ्या सुमारे तीनशे टनांपैकी बराचसा भाग हवेतून पोहोचत राहिला आणि वसंत ऋतूत वेढा फुटला. तेथे अडीचशेहून अधिक विमाने गेली, पण सैन्य वाचले.

आणि मग स्टालिनग्राड. जर्मन सहावी सेना नोव्हेंबर १९४२ मध्ये वेढली गेली तेव्हा आतील सैन्य अडीच लाखांच्या घरात होते. अगदी तग धरण्यापुरतीही रोजची गरज तीनशे टन मानली, आणि एका युंकर्स-५२ मधून दोन टन जातात असे धरले, तर दररोज दीडशे विमाने भरलेली उतरायला हवी होती. तीही रशियन हिवाळ्यात, जेव्हा दिवस काही तासांचाच असतो आणि इंजिन सुरू करण्यासाठी आधी त्याला उष्णता द्यावी लागते. जर्मन हवाईदलाचा प्रमुख ग्योरिंग याने याच्या कितीतरी पुढचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात रोजची सरासरी शंभर टनांच्या आसपास राहिली. २४ डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे वेढ्याबाहेरच्या, रसद जिथून निघे त्या तात्सिन्स्काया विमानतळावर थेट शिरले, त्यामुळे विमानांना आणखी दूरच्या तळावरून उडावे लागले. जानेवारीच्या मध्यास आतली पितोम्निक धावपट्टी गेली, त्यानंतर गुमराकही गेली, आणि मग हवेतून टाकलेल्या पेट्या बर्फात शोधण्याचेही बळ सैनिकांत उरले नाही. जवळजवळ पाचशे विमाने नष्ट झाली, त्यांत अडीचशेहून अधिक युंकर्स-५२ होती.

या तीन प्रसंगांत विमान बदलले नाही. बदलले ते अंतर, हवामान, शत्रूची विमाने आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरण्याच्या जागेवरचा ताबा. तेव्हा डकोटा पहिले की हर्क्युलिस, हा प्रश्नच मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो.

साशंक

मी दोघांच्याही मताशी असहमत आहे. हवाई वाहतुकीचे कौतुक करताना आपण जहाजे विसरतो. कोणत्याही मोठ्या युद्धात अवजड साहित्याचा फार मोठा भाग समुद्रमार्गेच गेला आहे; १९९०-९१ च्या आखाती युद्धातही सैनिक विमानाने गेले, पण त्यांचे रणगाडे जहाजाने आले.

१९७३ चा ऑक्टोबर पाहा. अमेरिकेने इस्रायलसाठी चालवलेली ‘निकेल ग्रास’ मोहीम हवाई वाहतुकीच्या इतिहासात मानाने सांगितली जाते. स्टारलिफ्टर आणि गॅलक्सी विमानांनी ५६७ फेऱ्यांतून २२,००० टनांहून अधिक साहित्य नेले. पण पहिले विमान १४ ऑक्टोबरला उतरले आणि १५-१६ च्या रात्री इस्रायली सैन्य सुएझ ओलांडत होते. युद्धविराम त्यानंतर दहा दिवसांच्या आत अमलात आला, आणि मोहीम तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालूच होती. कालवा ओलांडणाऱ्या तोफांतला दारूगोळा आदल्या दिवशी उतरलेला नव्हता. मग प्रभाव कशाचा?

वातकुक्कुट

@साशंक: आपले उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. मोठी जेट विमाने मी खाली ठेवली ती याच कारणासाठी. तरीही १९७३ मधला परिणाम शून्य होता असे मी म्हणणार नाही. सेनापतीजवळ दहा दिवसांचा दारूगोळा शिल्लक असेल आणि पुढचा कधी येईल हे ठाऊक नसेल, तर तो पाच दिवसांचाच वापरतो. विमाने येऊ लागली आहेत एवढे कळले की तो उरलेला साठा मोकळेपणाने खर्च करू शकतो. विमानातली पेटी आघाडीवर पोहोचण्याआधीच तिचा परिणाम घडलेला असतो. टनांच्या हिशेबात हे कोठेच दिसत नाही.

@रसदप्रमुख: आपला युक्तिवाद मला मान्य आहे, पण अर्धाच. उतरण्याची जागा गेली की कोणतेही विमान निरुपयोगी, हे खरे. परंतु कोणत्या जागेला ‘उतरण्याची जागा’ म्हणता येते, हे विमानच ठरवते. १९४७-४८ मध्ये वेढलेल्या पूंछमध्ये निर्वासितांच्या श्रमांतून साकारलेल्या धावपट्टीवर एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा उतरवले आणि तेथून हजारो निर्वासित बाहेर काढले गेले. २४ मे १९४८ रोजी त्यांनीच जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहला, साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या वाळूच्या पट्टीवर, डकोटा उतरवले. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेतली शिखरे त्याच्या कमाल उंचीला भिडणारी होती. त्या जागी तेव्हाचे दुसरे कोणते मालवाहू विमान चालले असते, हे आपणच सांगावे.

रसदप्रमुख

लेहचे श्रेय डकोटाच्या पंखांना द्यायचे की मेहर सिंग यांच्या धाडसाला, हा वाद मी घालत नाही. पण श्रीनगरबद्दल एक गोष्ट राहून गेली. ७ नोव्हेंबर १९४७ ला शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांना पळवून लावण्यात चिलखती गाड्यांचा वाटा फार मोठा होता, आणि त्या गाड्या आपण ‘लांबचा व खडतर’ म्हणून बाजूला ठेवलेल्या बनिहालच्या रस्त्यानेच आल्या होत्या. डकोटात त्या मावतच नव्हत्या. डकोटाने शहर दहा-बारा दिवस राखून धरले, निकाल रस्त्याने लावला. शिवाय त्या दहा-बारा दिवसांत शत्रूकडे ना लढाऊ विमाने होती ना विमानभेदी तोफा.

जुनी वही

वरील चर्चेत ब्रह्मदेशाची आघाडी अजून आली नाही याचे आश्चर्य वाटले, कारण मालवाहू विमानांनी एखादी संपूर्ण युद्धपद्धती बदलली असेल तर ती तेथे.

१९४२ मध्ये आणि १९४३ च्या आरंभी जपानी सैन्याची रीत ठरलेली होती. जंगलातून वळसा घालायचा, पिछाडीचा रस्ता तोडायचा आणि प्रतिस्पर्धी रसदीच्या भीतीने मागे सरकला की त्याचा पाठलाग करायचा. ही रीत तोवर प्रत्येक वेळी यशस्वी झाली होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकानात सातव्या भारतीय डिव्हिजनला असाच वळसा पडला, तेव्हा तेथील ब्रिटिश सेनापती स्लिम यांचे आदेश निराळे होते: जागा सोडायची नाही, रसद वरून येईल. ती आली. वेढा घालणाऱ्यांकडेच अन्न उरले नाही आणि वेढ्यात सापडलेले पोटभर जेवत होते, असा उलटा प्रकार घडला.

महिन्याभरात इंफाळ-कोहिमाची लढाई सुरू झाली. जपानी सेनापती मुतागुची यांनी आपल्या तीन डिव्हिजन सुमारे तीन आठवड्यांच्या शिध्यावर पुढे धाडल्या होत्या. त्यापुढची सोय इंफाळचे साठे हाती पडतील या भरवशावर होती. मार्चच्या मध्यास आराकानातली पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा आणि खेचरांसह विमानांत चढवून इंफाळ आणि दिमापूरकडे आणण्यात आली. लढाईत गुंतलेली एक अख्खी डिव्हिजन एका आघाडीवरून उचलून दुसऱ्या आघाडीवर हवेतून नेण्याचा हा पहिलाच प्रसंग म्हणता येईल. मार्चअखेर तुटलेला कोहिमा-इंफाळ रस्ता २२ जूनला खुला झाला. मधल्या काळात इंफाळच्या मैदानावरचे दीड लाखांच्या घरातले सैन्य विमानांवर जगले, आणि परतीच्या फेऱ्यांत जखमी व बिनलढाऊ माणसे बाहेर काढली गेली, म्हणजे आत खाणारी तोंडेही कमी झाली.

धागाकर्त्यांना एक दुरुस्ती सुचवतो. हे श्रेय एकट्या डकोटाचे नाही. आग्नेय आशियातील दोस्तांचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी पाचव्या डिव्हिजनसाठी हिमालयापलीकडे चीनला माल नेणाऱ्या मार्गावरची वीस सी-४६ कमांडो विमाने वळवून घेतली होती. कमांडो डकोटापेक्षा मोठे, अधिक भार नेणारे आणि वैमानिकांना बरेच नावडते विमान होते, पण तोफा आणि खेचरे नेताना त्याचा रुंद पोटाचा आकार कामी आला.

अल्पमती

एक प्रश्न विचारतो. जखमींना परत नेणे हा ‘प्रभाव’ धरायचा की नाही? १९४३ मधल्या पहिल्या चिंडिट मोहिमेत, म्हणजे ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसलेल्या ब्रिटिश तुकड्यांच्या मोहिमेत, ज्यांना चालता येत नव्हते अशा जखमींना जंगलातच सोडून यावे लागले होते. १९४४ च्या मोहिमेत लहान विमाने जंगलात साफ केलेल्या पट्ट्यांवर उतरून जखमींना उचलत होती. सैनिकाच्या मनावर याचा जो परिणाम होतो तो माझ्या मते दारूगोळ्याच्या पेट्यांपेक्षा कमी नाही. स्टालिनग्राडमधूनही पंचवीस हजारांहून अधिक जखमी विमानांनीच बाहेर काढले होते, म्हणजे अपयशी ठरलेल्या मोहिमेनेही तेवढे जीव वाचवले.

साशंक

@अल्पमती: धरायलाच हवा. पण स्टालिनग्राडच्या धावपट्टीवर शेवटच्या दिवसांत विमानात जागा मिळवण्यासाठी जे घडले, त्याचाही सैनिकांच्या मनावर परिणाम झालाच असणार. विमान दिसते आहे आणि त्यात आपल्याला जागा नाही, ही स्थिती विमान नसण्यापेक्षा सुसह्य असेल असे मला वाटत नाही.

@जुनी वही: ज्या चीनच्या मार्गाचा आपण उल्लेख केलात, त्याचाच हिशेब कोणी मांडेल का? ‘हंप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मार्गावर सुमारे सहाशे विमाने गेली. त्या किमतीत काय मिळाले?

जुनी वही

@साशंक: आसामातून कुनमिंगकडे एप्रिल १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. सुरुवात दयनीय होती. हवामान, पूर्व हिमालयाच्या रांगा, अपुरे नकाशे, थकलेले वैमानिक आणि घाईने सेवेत आणलेली कमांडो विमाने यांमुळे अपघातांचे प्रमाण भयंकर होते. सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम टनर यांच्याकडे सूत्रे आल्यावर देखभालीची कारखान्यासारखी साखळी बसवली गेली, उड्डाणांचे नियम कडक झाले, आणि माल वाढत असताना अपघात कमी होत गेले. जुलै १९४५ या एका महिन्यात ७१,००० टन माल हवेतून गेला, तर आसामातून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे मोठ्या कष्टाने बांधलेल्या लेडो रस्त्याने त्याच महिन्यात सुमारे ६,००० टन. म्हणजे ‘रस्ता झाला की विमानाची गरज संपते’ हा सर्वसामान्य समज येथे तरी खरा ठरला नाही.

मात्र आपल्या शंकेला आधार आहे, हेही नोंदवले पाहिजे. त्या मालातला मोठा वाटा इंधनाचा होता, आणि इंधन पोहोचवण्यासाठीही इंधनच जाळावे लागत होते. चेंगडूच्या तळांवरून जपानवर हल्ले करणाऱ्या बी-२९ बाँबफेकी विमानांना एका हल्ल्यापुरते पेट्रोल आणि बाँब साठवण्यासाठी आधी हिमालयावरून अनेक फेऱ्या माराव्या लागत. अखेर ती विमाने चीनमधून हलवून मारियाना बेटांवर नेली गेली, कारण तेथे सगळे जहाजाने येत होते. आपला जहाजांचा मुद्दा तेथे शंभर टक्के लागू पडतो. चीन युद्धात टिकून राहिला आणि जपानचे लाखो सैनिक तेथे गुंतून पडले, याचे मोल किती धरायचे यावर बाकीचा हिशेब अवलंबून आहे. मी ते बरेच धरतो.

उत्तरध्रुव

धागाकर्त्यांनी हर्क्युलिसला दुसरा क्रमांक दिला आणि त्याविषयी एक ओळही लिहिली नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी दोन वेढे शेजारी ठेवून पाहू.

दिएन बिएन फू (व्हिएतनाम), १९५४. फ्रेंचांनी डोंगरांनी वेढलेल्या दरीत सैन्य उतरवले ते पूर्णपणे हवाई रसदीच्या भरवशावर. १३ मार्चला हल्ला सुरू झाला. फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतमिन्हने अशक्य मानलेली गोष्ट करून तोफा हातांनी ओढत डोंगरांवर चढवल्या होत्या, आणि महिना संपण्यापूर्वीच धावपट्टी बंद पडली. त्यानंतर डकोटा आणि सी-११९ विमाने पॅराशूटने माल टाकत राहिली. विमानभेदी तोफांमुळे त्यांना अधिक उंचीवरून टाकावे लागे, आणि फ्रेंचांच्या ताब्यातली जमीन जसजशी आक्रसत गेली तसतशा पेट्या शत्रूच्या खंदकांत पडू लागल्या. ७ मे रोजी सगळे संपले. या वेढ्यात डकोटा होते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

खे सान (व्हिएतनाम), १९६८. जानेवारीच्या २१ तारखेपासून सत्त्याहत्तर दिवस सुमारे सहा हजार अमेरिकी मरीन तशाच डोंगराळ भागात, तशाच एकमेव धावपट्टीभोवती अडकले होते. तेथे हर्क्युलिस होते. एक विमान धावपट्टीवरच जळाल्यानंतर फेब्रुवारीत हर्क्युलिसचे उतरणे थांबवले गेले, तरी माल थांबला नाही. विमान धावपट्टीवरून अगदी काही फुटांवर उडत असताना मागच्या दारातून पॅराशूटच्या ओढीने माल लादलेले अवजड पाट बाहेर खेचण्याची पद्धत वापरली गेली, आणि ढगांत काही दिसत नसेल तेव्हा जमिनीवरच्या रडारच्या मार्गदर्शनाने पॅराशूटने माल टाकला गेला. तळ राखला गेला. मागे उघडणारे उतरते दार ही वरवर साधी दिसणारी रचना आहे, पण ज्याने डकोटाच्या बाजूच्या दारातून पेट्या ढकलल्या आहेत त्याला तिचे मोल समजेल. १९५४ साली पहिल्यांदा उडालेले विमान अजूनही बनवले जाते, यातच सर्व आले.

रसदप्रमुख

@उत्तरध्रुव: तुलना सुंदर आहे, पण एक गोष्ट वगळल्यामुळे सुंदर झाली आहे. खे सानभोवती अमेरिकेची बी-५२ विमाने आठवडेच्या आठवडे बाँब टाकत होती आणि व्हिएतमिन्हच्या तोफांना दिएन बिएन फूमध्ये जी उसंत मिळाली तशी ती तेथे कोणालाही मिळाली नाही. फ्रेंचांना हर्क्युलिस दिली असती तर दिएन बिएन फू वाचले असते असे आपण म्हणू शकाल का? मला तसे वाटत नाही. धावपट्टीवर पडणारे तोफगोळे विमानाची बनावट पाहत नाहीत. आणि खे सानमध्ये हर्क्युलिसने उतरणे थांबवल्यावरही सी-१२३ प्रोव्हायडर हे त्याहून लहान विमान उतरत राहिले, कारण त्याला धावपट्टी कमी लागे आणि जोडीच्या दोन छोट्या जेट इंजिनांमुळे ते लगेच वर उठे. जखमींना बाहेर काढण्याचे काम त्याने केले. त्याचे नाव या धाग्यात कोणी घेतलेले नाही.

धावपट्टीच्या ताब्याचा मुद्दा मी सोडत नाही, कारण त्याने दोन मोहिमा अक्षरशः एका दिवसाच्या फरकाने ठरल्या आहेत. मे १९४१ मध्ये क्रीटवर पहिल्या दिवशी उतरलेल्या जर्मन छत्रीधारींची कत्तल झाली होती. मालेमे विमानतळावर रोखलेली टेकडी न्यूझीलंडच्या तुकडीने त्या रात्री सोडली, आणि दुसऱ्या दिवशी युंकर्स-५२ विमाने तोफमाऱ्याखालीच पर्वतीय सैनिक घेऊन तेथे उतरू लागली. बेट गेले. याच्या उलट फेब्रुवारी २०२२ मध्ये होस्तोमेल. रशियन हेलिकॉप्टरांतून आलेल्या सैनिकांनी कीव्हच्या वेशीवरचा तो विमानतळ पहिल्याच दिवशी गाठला. त्यांच्या मागोमाग इल्युशिन-७६ विमानांतून मोठी कुमक उतरायची होती. युक्रेनच्या प्रतिहल्ल्याने आणि तोफमाऱ्याने धावपट्टी वापरता येईल अशी उरली नाही, आणि ती विमाने तेथे उतरलीच नाहीत. अडीचशे टन उचलणारे जगातले सर्वांत मोठे मालवाहू विमान, आंतोनोव्ह-२२५, त्याच विमानतळावर लढाईत जळाले. भारवहनाचा तक्ता किती निरुपयोगी आहे हे दाखवण्यासाठी धागाकर्त्यांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण ते माझ्या बाजूने आहे.

वातकुक्कुट

होस्तोमेलचे उदाहरण मी माझ्याच बाजूने घेणार होतो, आपण आधी घेतलेत. असो.

चर्चेनंतर माझ्या क्रमात दोन बदल करतो. युंकर्स-५२ यादीतून काढतो. तेतुआन आणि क्रीट कितीही निर्णायक असोत, देम्यान्स्कच्या यशाने जर्मन नेतृत्वाला स्टालिनग्राड शक्य आहे असा भ्रम झाला, हे नाकारता येत नाही. आणि त्या मोहिमेसाठी प्रशिक्षण शाळांतले शिक्षक व विमाने उचलल्यामुळे पुढच्या वर्षांत नवे वैमानिक घडवणेही अवघड झाले. एका वेढ्यातल्या यशाचा परिणाम दुसऱ्या वेढ्यातल्या नाशात मोजावा लागत असेल, तर त्याला मी तिसरा क्रमांक देणार नाही. त्या जागी ‘जुनी वही’ यांच्या आग्रहास्तव सी-४६ कमांडो घेतो. प्रोव्हायडरबद्दल आपण म्हणता ते योग्य आहे, मात्र ते माझ्याच मूळ मुद्द्याला धरून आहे: लहान, कमी भार नेणारे, पण जिथे जायचे तिथे उतरू शकणारे.

डकोटाला मात्र पहिल्या जागेवरून हलवत नाही, फक्त कारण बदलतो. ते दहा हजारांहून अधिक बनले. त्यामुळे नॉर्मंडीच्या रात्री आठशेहून अधिक विमाने एकाच वेळी छत्रीधारी घेऊन निघू शकली, त्याच उन्हाळ्यात इंफाळलाही विमाने होती, आणि युद्ध संपल्यावर उरलेली विमाने जगभरच्या कंपन्यांनी घेतली म्हणूनच १९४७ मध्ये दिल्लीत ती रातोरात जमली. युंकर्स-५२ पाच हजारही बनले नाही. स्टालिनग्राडला दररोज दीडशे विमाने उतरायला हवी होती हा आपलाच हिशेब आहे. तेवढी विमाने आणि त्यांचे वैमानिक हाताशी असणे हा विमानाचाच गुण आहे.

रसदप्रमुख

तो कारखान्याचा गुण आहे. आणि तात्सिन्स्कायाच्या धावपट्टीवर रणगाडे आले तेव्हा तेथे आणखी शंभर विमाने उभी असती, तर आणखी शंभर चिरडली गेली असती.

जुनी वही

@वातकुक्कुट: कमांडोला जागा दिल्याबद्दल आभार. तथापि हंपच्या मार्गावर ज्यांनी ते चालवले, त्यांच्यापैकी पुष्कळांनी आपल्या या निर्णयाला कडाडून विरोध केला असता.